लेकराचं ताट आधी

फोंड्याच्या बाजाराजवळ आमची खाणावळ. 26 वर्षं गल्ल्यावर यजमान आणि आत चुलीशी मी. आता मुलगा-सून बघतात. लहान मुलांना घेऊन हॉटेलात जेवायला जाताना काय अडचणी येतात ते लिहून पाठवा, असं मी मागच्या अंकात सुचवलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यातली, ज्यांचं उत्तर इतरांच्याही कामी येईल अशी, इथे घेतली आहेत.

प्रश्न: मावशी, माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. दर रविवारी सासरची सगळी मंडळी मिळून आम्ही पणजीत जेवायला जातो. दीडच्या सुमारास टेबल मिळतं आणि पंधरा मिनिटांत हा किंचाळायला लागतो, चमचे फेकतो. लोक वळून बघतात. शेवटी मी मोबाइल हातात देते, मग तो गप्प होतो आणि मी भरवते. सासूबाई म्हणतात, हा जरा मोठा होईपर्यंत तू घरीच थांब. थांबू का?
एक आई, पर्वरी

उत्तर: नाही गं, थांबू नकोस. घरात ठेवलेल्या मुलाला चारचौघांत जेवायची सवय कुठून लागणार? आणि तुलाही आठवड्यातून एकदा कुणीतरी केलेलं गरम जेवण मिळायला हवं.

तुझ्या पत्रात मला खटकलं ते 'दीडच्या सुमारास'. अडीच वर्षांचं मूल घरी कधी जेवतं? साडेबारा, फार तर एक. म्हणजे टेबल मिळतं तेव्हा त्याची भूक मरायला आलेली असते आणि डोळ्यांवर झोप असते. त्यात रविवारचा दीड म्हणजे गोव्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघराची सगळ्यात ओढाताणीची वेळ. आत काय चाललेलं असतं ते सांगते. भात, हुमण (माशांचं कालवण), भाजी, सोलकढी तयार असते. खोळंबा होतो तो तळणीचा. रवा लावलेला इसवणाचा (सुरमईचा) तुकडा दोन्ही बाजूंनी नीट व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. एका तव्यावर आठ-दहा तुकडे मावतात आणि चिठ्ठ्या वीस टेबलांच्या लागलेल्या असतात. आच वाढवली तर रवा करपतो, मासा आतून कच्चा राहतो. म्हणून वेटर 'पाच मिनिटं' म्हणतो आणि पंचवीस होतात. मोठी माणसं बोलत बसतात. मुलाने काय करायचं?

तेव्हा सव्वाबाराला पोचा. गर्दी ओसरल्यावर तीनला जाऊ, असा विचार मात्र करू नका. आपल्याकडे पुष्कळ हॉटेलांचं स्वयंपाकघर तीनला बंद होतं, ते संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतं. फोन करून विचारून ठेवलेलं बरं.

बसल्याबरोबर, मेनू कार्ड उघडायच्याही आधी, वेटरला सांग: "एक वाटी भात, त्यावर साधं वरण, असेल तर तूप. हे आत्ताच आण, बाकीचं मागाहून." हे सगळं तयारच असतं, दोन मिनिटांत येतं. आमच्याकडे पेडण्याचा एक जुना वेटर होता. दारातून कडेवर मूल घेतलेली बाई आत आली की ती बसायच्या आधीच तो आत ओरडायचा, "पयलीं भुरग्याक वाड!" म्हणजे आधी लेकराला वाढ. मी त्याच्याकडून शिकले. पोटात चार घास गेलेलं मूल अर्धा तास तरी खुशीत बसतं. मग त्याला पापडाचा तुकडा दे, काकडीची लांब फोड दे. तुमची ताटं येईपर्यंत त्याचं जेवण उरकत आलेलं असेल.

त्यानंतर त्याला उठायचं असतं, आणि ते साहजिक आहे. कुणीतरी त्याला घेऊन जरा फिरायचं. ते कुणीतरी दर वेळी तूच असू नकोस. आधी मुलाचा बाबा, मग काका, मग आजोबा, अशा पाळ्या लावा आणि त्या घरून निघतानाच ठरवा. 26 वर्षं मी बघत आले, टेबलावरची सगळी मंडळी हात धुऊन बडीशेप खात असतात आणि मुलाची आई तेव्हा कुठे थंडगार भात कालवायला घेते. मला त्याचं फार वाईट वाटायचं. कितीतरी बायकांना मी आतून वाटीभर गरम कडी (कालवण) पुन्हा नेऊन दिली आहे.

मोबाइलचं म्हणशील तर, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासाहून जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकं चांगलं. माझी अडचण वेगळी आहे. मोबाइल बघणारं मूल चमचा आला की तोंड उघडतं, घास कसला आहे ते बघत नाही. पोट भरल्याचं त्याला कळत नाही, आणि घासात काटा आला तर तोही कळत नाही. त्यापेक्षा त्याला मासळी दाखवायला ने. बऱ्याच हॉटेलांत आजचा मासा परातीत मांडून ठेवतात. बांगडा कुठला, मुडदुशी कुठली, लेपो असा चपटा कसा, तिसऱ्या (शिंपल्या) उघडतात कशा, यात दहा मिनिटं सहज जातात. पिशवीत दोन जाड खडू आणि कोरे कागद ठेव.

तरीही रडला, तर लगेच उचल आणि बाहेर घेऊन जा. रागावू नकोस. वारा लागला, रस्त्यावरची दोन वाहनं बघितली की शांत होतो, मग परत आण. निघताना त्याच्या खुर्चीखाली सांडलेला भात कागदाने गोळा करून ताटात टाक. एक मिनिटाचं काम आहे, पण वेटर ते विसरत नाहीत. पुढच्या रविवारी कोपऱ्यातलं टेबल तुझ्यासाठी धरून ठेवतील.

प्रश्न: माझी नातवंडं चार आणि सात वर्षांची. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक हॉटेलाच्या पाटीवर 'बार अँड रेस्टॉरंट' असतं. मुलगा-सून मुलांना तिथे सर्रास नेतात. मला ते पटत नाही. बोललो तर जुन्या विचारांचा ठरतो.
आजोबा, डिचोली

उत्तर: आजोबा, तुमची काळजी योग्यच आहे. पण गोव्यात पाटी बघून ठरवायला गेलात तर चांगल्या शीत-कडीला, म्हणजे भात-कालवणाला, मुकाल. त्याच पाटीखाली दुपारी एक वाजता आजी, नातवंडं, बाळंतीण लेक अशी घरं जेवत असतात. रात्री साडेनऊला तीच जागा वेगळी असते. मुलांना दुपारी नेऊ द्या, रात्रीचं ठामपणे नको म्हणा. 'बार नको' म्हणण्यापेक्षा 'रात्र नको' म्हणालात तर सूनही ऐकेल असं मला वाटतं.

आत शिरल्यावर दोन गोष्टी बघा. कुटुंबांसाठी वेगळी खोली किंवा बाजू आहे का? आणि कुणी सिगरेट ओढतंय का? याबाबत गोव्याचा स्वतःचा कायदा 1997 चा आहे, शिवाय 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर हॉटेलांसह सगळ्या सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. तीस किंवा त्याहून जास्त आसनं असलेल्या हॉटेलाला त्यासाठी वेगळी खोली ठेवता येते, पण जेवणाच्या टेबलावर ओढता येत नाही. मालकाला बिनधास्त सांगा. पांढऱ्या केसांच्या माणसाने सांगितलेलं गल्ल्यावरचा माणूस मोडत नाही.

आणि एक करा, नातवंडांना तुमच्या पद्धतीचं बाहेर खाणंही दाखवा. एखाद्या सकाळी पणजीला न्या, ताटो किंवा भोसलेसारख्या जुन्या कॅफेत बसवा आणि पातळ भाजी, पाव, बन मागवा. भाजी तिखट असेल तर सोबत साधं दही घ्या. मुलं पावाचा तुकडा भाजीत बुडवायला लगेच शिकतात. तुमच्या लहानपणचे कॅफे कसे होते ते त्या टेबलावर बसून सांगा.

प्रश्न: मुलगी अकरा महिन्यांची आहे. घरी ती मऊ भात, वरण, कुस्करलेला मासा खाते. हॉटेलातलं ताट तिला चालेल का? काट्यांची फार भीती वाटते. शिवाय बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला सुंगटं (कोळंबी) खाऊन अंगावर गांधी उठल्या होत्या. त्यालाही आम्ही बरोबर नेतो.
एक आई, काणकोण

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण यातलं बरंचसं माझ्या घरी घडलेलं आहे.

आधी बाळाचं. वर्षाच्या आत हॉटेलातलं हुमण, लोणचं, सोलकढी नको. मीठ आणि तिखट दोन्ही तिला झेपणारं नसतं. साधा भात हॉटेलातून घे, त्यावर घालायचं वरण घरून डब्यात ने. मध तर वर्षाच्या आत एक थेंबही नको, कुणी कौतुकाने चाटवायला आलं तरी. मासा द्यायचाच तर बिनमसाल्याचा, मीठही न लावता, थोड्या तेलावर परतलेला एक तुकडा वेगळा मागव. आम्ही असा तुकडा आनंदाने द्यायचो. मात्र ऑर्डर देतानाच सांग, एकदा वाटण लागलं की ते निघत नाही.

काटे डोळ्यांनी शोधायचे नाहीत, बोटांनी शोधायचे. माशाचा लहानसा तुकडा ताटाच्या स्वच्छ कडेवर ठेव आणि अंगठा नि तर्जनी यांत हळू चेपत सरकव, पीठ मळताना गुठळी शोधतो तशी. बारीक काटा डोळ्याला दिसत नाही, बोटाला टोचतोच. इसवणाच्या चकतीत मधला मणका मोठा असतो, तो कुणीही काढतं. फसवतात ते पोटाच्या बाजूचे वाकडे काटे. म्हणून लहान मुलाला पाठीकडचा जाड भाग दे, पोटाकडचा तू खा. बांगड्याचा मधला काटा सबंध निघतो, पण कडेला बारीक राहतात. तारल्यांच्या वाटेला एवढ्यात जाऊच नकोस. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पुष्कळ हॉटेलांत बर्फातला मासा असतो, तेव्हा बाळापुरतं 'आज ताजं काय आलंय' हे विचारूनच घे.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर जेवताना तिच्या घशात बांगड्याचा काटा अडकला. बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी प्रेमानेच सांगितलं, कोरड्या भाताचा गोळा गिळायला लाव. मी लावला. काटा निघाला नाही, आणखी आत रुतला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी चिमट्याने काढला आणि मला बजावलं, पुन्हा भाताचा गोळा नाही, केळं नाही, घशात बोट घालणं नाही. काटा अडकला आणि मूल श्वास घेतंय, बोलतंय, तर सरळ डॉक्टरकडे न्यायचं.

श्वासच अडकला तर मात्र थांबायला वेळ नसतो. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा मारायच्या. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब द्यायचे. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून. वर्षापुढच्या मुलाला पाठीवर पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच हिसके. तेवढ्यात दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. हे एकदा डॉक्टरकडून किंवा नर्सकडून समोर करून दाखवून घे. वाचलेलं ऐन वेळी आठवत नाही. चणे, शेंगदाणे, काजू हे वेटर मुलाच्या हातात कौतुकाने ठेवतात. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाकडून ते गोड बोलून काढून घे.

आता बहिणीच्या मुलाचं. 'याला सुंगटं चालत नाहीत' एवढंच सांगून भागत नाही. आपल्या ताटात सुंगटं लपलेली असतात. किसमुरात (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीत) सुकी सुंगटं, कधी भाजीत चिमूटभर सोडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तवा. ज्या तव्यावर सुंगटं तळली त्याच तेलात मग मासा पडतो. तेव्हा वेटरला असं सांगा: "मुलाला सुंगटांची ॲलर्जी आहे. त्याचा मासा वेगळ्या तव्यावर, नव्या तेलात होईल का?" हो म्हणाले तर घ्या. 'बघतो' म्हणाले तर त्या दिवशी त्याला वरणभात द्या. तिसऱ्या-खेकडे चालतात का हेही डॉक्टरांना विचारून घ्या, पुष्कळ मुलांना कवचाचं काहीच चालत नाही. अंगावर गांधी उठण्याबरोबर ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला तर बिल नंतर, आधी हॉस्पिटल. आणि तुझ्या बाळाला सुंगटं पहिल्यांदा द्यायची तर घरी, दिवसाउजेडी, अगदी थोडी. हॉटेलात पहिला प्रयोग नको.

प्रश्न: मावशी, मी म्हापशात छोटं हॉटेल चालवतो. लहान मुलं असलेली कुटुंबं आली की टेबलाखाली भाताचा सडा पडतो, दुसरी गिऱ्हाइकं कुरकुरतात. 'पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही' अशी पाटी लावण्याचा विचार आहे. तुम्ही धंदा केला आहे म्हणून विचारतो.
एक हॉटेलवाला

उत्तर: बाबा रे, लावू नकोस. ती पाटी म्हणजे आईला सांगणं आहे की तू घरी बस. आज जो चार वर्षांचा आहे तो वीस वर्षांनी स्वतःच्या पैशाने जेवायला येतो आणि लहानपणी जिथे प्रेमाने वाढलं तिथेच येतो. आमच्याकडे आता बाप झालेली अशी कितीतरी मुलं येतात.

भात सांडणारच. झाडायला दोन मिनिटं लागतात. त्यापेक्षा टेबलं नीट मांड. मुलांच्या कुटुंबाला स्वयंपाकघराच्या वाटेवर बसवू नकोस, भिंतीकडे बसव. गरम भांडी घेऊन येणाऱ्या पोऱ्याच्या पायांत मूल यायला नको. मुलांची उंच खुर्ची घेतलीस तर पट्टा असलेलीच घे आणि तिचे सांधे दर आठवड्याला हलवून बघ. स्टीलच्या लहान थाळ्या आणि छोटे चमचे वेगळे काढून ठेव. आम्ही गल्ल्याखाली पत्र्याच्या डब्यात सावंतवाडीची लाकडी फळं ठेवली होती. आंबा, केळं, पेरू अशी मोठी मोठी, तोंडात न मावणारी. रोज रात्री धुऊन पुसून ठेवायची. तो डबा बघितला की मुलं आईचा हात सोडून गल्ल्याशी यायची.

एक गोष्ट मात्र नोकरांच्या मनावर ठसव. माझी नात सव्वा वर्षाची असताना आम्ही सगळे एका हॉटेलात गेलो होतो. टेबलावर मेजपोस (टेबलावर अंथरायचं कापड) होता. वेटरने वाफाळतं सूप तिच्या पुढ्यात ठेवलं, आम्ही मेनू वाचत होतो. तिने मेजपोस धरून ओढला. सूप मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी बर्फ आणला. मी काही लावू दिलं नाही. तिला उचलून हात धुवायच्या बेसिनशी नेलं, चांदीचं कडं आणि बाही काढली आणि नळाच्या साध्या पाण्याखाली हात धरून ठेवला, वीस मिनिटं, भिंतीवरचं घड्याळ बघून. ती रडत होती, तिची आई रडत होती, मागे हात धुवायला रांग लागली होती. मग स्वच्छ ओला रुमाल सैल गुंडाळून डॉक्टरकडे नेलं. डाग राहिला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे मूल असलेल्या टेबलावरचा मेजपोस आधी काढतात, आणि गरम वाटी मुलाच्या बाजूने कधी ठेवत नाहीत, समोरच्या मोठ्या माणसापुढे 'गरम आहे' असं सांगून ठेवतात. तू एवढं केलंस तर पाटीची गरज उरणार नाही. आणि कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसरं टेबल दे.

आणखी दोन पत्रं थोडक्यात.

जत्रेत मुलं गोबी मंच्युरियनसाठी हट्ट धरतात, असं साखळीच्या ताई लिहितात. देऊ नका, ताई. म्हापसा नगरपालिकेने 2024 मध्ये श्री बोडगेश्वराच्या जत्रेत त्याला मनाई केली, 2022 मध्ये वास्कोच्या सप्ताहात भरणाऱ्या फेरीच्या बाजारातही असे गाडे आवरते घ्यायला अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं होतं. कर्नाटकाने मार्च 2024 मध्ये गोबी आणि बुढ्ढी के बाल यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. लालभडक सॉस मुलाच्या बोटांवरून साबणानेही जात नसेल, तर तो पोटात काय करील! जत्रेत खाजं घ्या, भाजलेलं कणीस घ्या.

मडगावचे एक बाबा विचारतात, बिलात सर्व्हिस चार्ज लावला होता, तो द्यायलाच हवा का? नाही. तो आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 या क्रमांकावर तक्रार करा. मात्र ज्या पोऱ्याने तुमच्या मुलासाठी दोनदा भात आणला, सांडलेलं पुसलं, त्याच्या हातात जमेल तेवढं स्वतः द्या.

कुंकळ्ळीच्या ताई, मुलगी हॉटेलात काहीच खात नाही, घरी येऊन जेवते, असं तुम्ही लिहिलंत, पण तिचं वय लिहिलं नाहीत. दोन वर्षांची असेल तर माझं उत्तर एक आहे आणि सहा वर्षांची असेल तर वेगळं. तेवढं कळवा, पुढच्या अंकात नक्की लिहिते.